पहिला अंदाज

डिसेंबर. पहाटेचे पाच.
शिवाजीनगरच्या आवारात हरिबा भिलारे
फुग्यात हायड्रोजन सोडतात
आणि अंगात ताप असलेल्या पोराशी बोलावं
तसं बोलतात त्याच्याशी: "दमानं. दमानं घे."

मी पाषाणला, स्वेटरवर स्वेटर, पडद्यासमोर.
माझा उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर वर
विषुववृत्तावर ठाण मांडून.
तो कशालाच शिवत नाही.
हवेतून निसटलेली ऊब बघतो नुसती,
कार्बन डायऑक्साइडच्या पट्ट्यात थोडी,
बाष्पाच्या पट्ट्यात थोडी,
आणि तेवढ्यावरून मी सांगायचं
की कर्वेनगरच्या वर, अमुक उंचीवर,
किती गार आहे, किती ओल आहे.

नव्याने आलेल्यांना मी विचारते:
शेजारच्या स्वयंपाकघराचा वास येतोय,
त्यावरून सांगा
फडताळाच्या कुठल्या फळीवर काय ठेवलंय.
ते हसतात. मग आठवडाभर हसत नाहीत.

कारण एकाच उजेडामागे
शंभर आभाळं असू शकतात
आणि गणिताला शंभरही चालतात.
म्हणून आधी एक अंदाज पुरवावा लागतो:
काल कसं होतं, या महिन्यात साधारण कसं असतं.
उपग्रह त्यात दुरुस्ती करतो, एवढंच.
म्हणजे कोऱ्या डोळ्यांनी तोही बघत नाही.
(हे मी अहवालात लिहिते.
घरी, भांडणात, कबूल करत नाही.)

त्या आठवड्यात तीन दिवस
हरिबांचा फुगा म्हणत होता:
जमिनीपेक्षा दोनशे मीटरवर चार अंश जास्त.
माझी रेघ सरळ, सभ्य, वर जाईल तशी गार.
मी फुग्यापुढे लिहिलं: संशयास्पद.
आणि मनात लिहिलं, जे कुठल्याच रकान्यात बसत नाही:
म्हातारा झाला माणूस, मार्चमध्ये निवृत्त होणार,
यंत्र सावलीत ठेवलं नसेल, बॅटरी बघितली नसेल.

चौथ्या दिवशी झोप लागेना.
घरातला तापमापक पिशवीत टाकला,
तोच, मुलीच्या काखेतला नव्हे, भिंतीवरचा,
आणि अंधारात वेताळ टेकडी चढले.
पायथ्याशी अकरा.
कुणीतरी शेकोटी पेटवली होती,
तिचा धूर सरळ वर गेला
आणि अदृश्य फरशीला डोकं आपटावं
तसा आडवा पसरला.
माथ्यावर पोचले. घाम आलेला,
म्हणून दहा मिनिटं नुसती उभी राहिले,
चालण्याची ऊब उतरू दिली.
तरी पंधरा.
मी एक स्वेटर काढला. मग दुसरा.
खाली पूर्ण शहर
स्वतःच्याच गारठ्यावर झाकण ठेवून झोपलेलं,
आणि ते झाकण इतकं पातळ
की तेवढ्या उंचीवरून
माझ्या उपग्रहाला ते कागदाच्या जाडीचंही नव्हतं.

दुसऱ्या पहाटे शिवाजीनगरला गेले.
हरिबांना सांगितलं, तुमचं बरोबर होतं.
त्यांनी दोरा गुंडाळता गुंडाळता म्हटलं,
"थंडीत वर ऊबच असते. नाहीतर खाली दव कशाला पडलं असतं?"
हे विज्ञानाला धरून आहे का, मी विचारलं नाही.
निलोफर इनामदारने नंतर तपासून सांगितलं:
अर्धं धरून आहे.
खोडरबर नसतो संगणकाला,
पण मी तो शब्द काढला,
तीनही दिवसांसमोरचा.

आणि पहिला अंदाज?
तो अजून मीच पुरवते.
फक्त देताना हात जरा अडखळतो.

आज ढग आलेत, अवेळी.
हरिबांनी फोन करून विचारलं,
"वरचा काय म्हणतो?"
"त्याला आज काही दिसत नाही," मी म्हटलं.
पलीकडे जरा वेळ काहीच नाही,
मग फुग्याचा फडफडाट, मग त्यांचा आवाज:
"हा. सोडला बघा."