प्रश्न चौथा, गुण पाच

खडकांचे मुख्य प्रकार सांगा. ते कसे तयार होतात ते लिहा.

सहामाहीचे एक्कावन्न पेपर, शेजारी निवलेला चहा.
पन्नास जणांनी एकच लिहिलंय,
गाईडातल्या छपाईच्या चुकीसकट:
गाळाचा खडक तिथं 'गळ्याचा खडक' झालाय.
पन्नास खडक गळ्याचे.
मी पन्नास वेळा काना सरकवला.

मग हजेरी क्रमांक एकतीस.
शिवलीला कलकुटगी. टोपच्या खाणीकडून चालत येते,
वेणीत कायम राखाडी पूड.

"अग्निजन्य म्हणजे आमचा काळा.
इथं डोंगर फुटला न्हाई, जमिनीला चिरा पडल्या,
आणि गुऱ्हाळात काहिल कलंडावी
तसा रस पसरला लांबपर्यंत.
काकवीला येतात तसे बुडबुडे आले,
ते फुटायच्या आधीच रस थिजला.
मागनं त्या भोकांत पांढरी गार भरली.
असल्या गारा माझ्याकडं सात हाईत,
सुरुंगाच्या आधी बाबानं काढून दिलेल्या.
एका रसावर दुसरा रस आला तो लगेच न्हाई.
मधल्या सुट्टीत लाल माती झाली आणि ती भाजली.
खाणीच्या भिंतीला ती रेघ दिसते.
बाबा म्हणतो, तिथं घाव नीट बसत न्हाई."

पुस्तकात 'मधली सुट्टी' नाही.
मी लाल पेन उचलला, आणि ठेवला.

"गाळाचा खडक म्हणजे बसलेलं पाणी.
खालचा थर वरच्याचं वजन घेतो, गप बसतो, घट्ट होतो.
आमच्यात चुलीपाशी शहाबादी घातलीय.
तिच्यावर बारीक लाटा हाईत, हाताला लागतात.
समुद्र चुलीपर्यंत आला आणि थांबला."

एकोणीस सालच्या पुरानं
माझ्या घरात पंचगंगा आठवडाभर राहिली.
गेली तेव्हा कपाटाखाली वीतभर ठेवून गेली,
चिकट, शेवाळी वासाचं.
मी ते फावड्यानं ओढलं, बादल्या मोजल्या, बावीस.
खडक व्हायला किती वेळ लागतो हे मी दरवर्षी शिकवते.
त्याला मी तीन दिवससुद्धा दिले नाहीत.

"रूपांतरित आमच्याकडं मिळत न्हाई.
गिऱ्हाइकानं मागितला तर बाबा त्याला
शिरोलीच्या मार्बलवाल्याकडं पाठवतो.
तो म्हणतो, ही आधी चुनखडी होती.
लई आच खाल्ली, लई दाब खाल्ला,
पण वितळली न्हाई. वितळली असती तर
पहिल्या प्रकारात गेली असती."

उत्तर इथं संपायला हवं होतं.
खाली एक ओळ सोडून, शिसपेन्सिलीनं:

"बाई, जांभा कशात घालू?
मसाई पठारावर सगळा तोच हाय.
तो रस न्हाई, गाळ न्हाई, दाबलेला पण न्हाई.
बाबा म्हणाला, तुझ्या बाईंना इचार."

पुस्तकात तीन चौकटी. चौथी नाही.
बावीस वर्षं तीनच चौकटी फळ्यावर काढतेय,
पट्टी लावून.

रविवारी पन्हाळ्याची गाडी धरली,
पुढं पठारापर्यंत चालत. वारा कानात भरत होता.
वाकून हात लावला तर बोटाला गंज.
तोच काळा असावा हा, शिवलीलाचाच.
पावसानं त्यातलं विरघळेल ते नेलं,
लाखो वर्षं, थोडं थोडं,
आणि जे जाईना ते इथं भोकं भोकं होऊन बसलं, लोखंडासकट.
खाली एक माणूस चिरे काढत होता.
म्हणाला, आत मऊ असतोय बाई, कुऱ्हाडीनं निघतोय.
वारं लागलं की मग ऐकत न्हाई.

एक तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळला.
एकतीसच्या समासात लिहिलं: पाच.
खाली लिहिलं: तुझा प्रश्न बरोबर आहे.
ते खोडलं. लिहिलं: सोमवारी सांगते.
तेही खोडलं. लिहिलं: सात गारा घेऊन ये.

सोमवारी गठ्ठा टेबलावर ठेवला,
पिशवीत शेजारी दगड घासून घासून
एक्कावन्न पेपरांच्या कडा तांबड्या.
शिपाई म्हणाला, शाई सांडली काय, बाई?