तारखांचा गट

"निवडलेल्या गोष्टींचा गट करता येत नाही."
एवढंच म्हणतो एक्सेल,
आणि वर आपल्यालाच ओके म्हणायला लावतो.

शनिवारची रात्र, उंड्री, बी विंग, सहावा मजला.
उद्या दहाला जनरल बॉडी.
चेअरमन टिळेकरांना एका पानात हवाय
तीन वर्षांच्या टँकरचा महिनावार हिशोब.
"रंगीत काढा. लोक भांडताना तेवढंच खाली बघतात."

अकराशे सेहेचाळीस ओळी.
मीच भरल्यात, गेटवरच्या लांब वह्यांतून,
घोडके वॉचमनच्या अक्षरातून,
ज्यात एक आणि नऊ सख्खे भाऊ.
पिव्होट टेबल उभं राहिलं खरं,
पण दिवस सगळे सुटे सुटे,
लग्नात चुकीच्या हॉलमध्ये शिरलेल्या पाहुण्यांसारखे.
उजवं बटण. गट करा. नाही.
एक सेल जरी तारीख नसेल
तर बाकीच्या अकराशे पंचेचाळीस तारखांनाही
महिना मिळत नाही.
मेंटेनन्स थकवणाऱ्यांनासुद्धा आम्ही इतकं वाईट वागवत नाही.

म्हणून शोधत बसले.
खरी तारीख सेलमध्ये उजवीकडे सरकते,
नुसती अक्षरं असली की डावीकडे चिकटते.
डावीकडे सापडली १५.४.२२, ठिपके दिलेली.
सापडली "३१ नोव्हेंबर".
हा दिवस कुठल्याच कालनिर्णयात नाही,
तरी त्या दिवशी दहा हजार लिटर पाणी आलं,
गाडीचा नंबर आहे, ड्रायव्हरची सही आहे,
आणि कुणीतरी त्या पाण्याने डोकं धुतलं असणार.
बहुधा मीच.
तिला एक डिसेंबर केलं.

मग एक रिकामी.
मे तेवीस. वरच्या ओळीत अठरा, खालच्या ओळीत एकवीस,
मध्ये टँकर दोन, रक्कम बरोबर,
तारखेच्या जागी काही नाही.
वही उघडली, तिथेही नाही.
खाडाखोडसुद्धा नाही.

साडेअकराला खाली गेले.
घोडके केबिनमध्ये, पायाशी कासवछाप पेटवलेली.
वहीवर बोट ठेवलं तर बराच वेळ बोटाकडेच बघत राहिले.
"ती मी लिहिली न्हाई, मॅडम. मुद्दामच.
पोरगी ससूनला होती. फोन आला तवा पाइप हातात होता.
टाकी भरंस्तोवर सोडता आला न्हाई."
मग म्हणाले, "दोन टँकर आले व्हते, हे मात्र खरं."

एकोणीस की वीस, हे विचारायलाच तर मी उतरले होते.
विचारलं नाही.

वर येऊन एकोणीस टाईप केलं.
गट लगेच झाला.
आधी नुसते महिने निवडले,
तर तिन्ही वर्षांचे मे एकाच ओळीत, एकमेकांच्या अंगावर.
वर्षांवरही टिक केलं, मग ते वेगळे झाले.
तिमाही राहू दिली; तिची जानेवारीपासून,
आमची एप्रिलपासून, कोण समजावत बसणार.
मे तेवीस: सत्त्याण्णव.

सभेत सी विंगच्या दाबकेंनी विचारलंच,
"हा मे एवढा वर कसा?"
"उन्हाळा," मी म्हणाले.
टिळेकर म्हणाले, "पुढचा मुद्दा, लिफ्ट."

सगळे गेल्यावर घोडके आत आले, खुर्च्या उचलायला.
भिंतीवरच्या कागदापाशी थांबले.
"ह्यात त्यो दिवस हाय?"
आहे, म्हटलं.
"कुठं?"

नारिंगी खांब, सगळ्यात उंच.
आतमध्ये रेघा नाहीत, कप्पे नाहीत,
सगळं पाणी एकच.
मी अंदाजानेच बोट ठेवलं,
मध्याच्या जरा वर.

त्यांनी मान हलवली,
आणि खुर्च्या एकात एक घालायला घेतल्या.