दाराआडचं माप

पिरनवाडी नाक्याच्या अलीकडे, चिंचेखाली,
दस्तगीरचं दुकान.
पाटीवर पंक्चर हा शब्द दोन लिप्यांत
आणि दोन्हींत चुकलेला.

तो उकिडवा बसला,
थुंकीनं अंगठा ओला करून
टायरच्या कुशीवरची धूळ पुसली.
एकशे पंच्याहत्तर. पासष्ट. चौदा.
मग ड्रायव्हरचं दार उघडून
खांबाला चिकटलेला कागद दाखवला,
रोज दार आपटताना मला कधी न दिसलेला.
एकशे पासष्ट. ऐंशी. चौदा.
"कोण घातलंय ओ अक्का हे?
रिम तेवढीच म्हणून बसलंय बगा.
बसलं म्हणून काय माप होतंय?"

मी खानापुरात गणिताची बाई.
अठरा वर्षं वर्तुळाचा परीघ शिकवते.
गाडी घेतली चिकोडीच्या एका डेंटिस्टकडून,
सीटा बघितल्या, काचा वर-खाली केल्या,
बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं.
परीघ तेवढा राहिला.

खडू मागितला. त्याच्याच फरशीवर मांडलं:
रुंदीचे पासष्ट टक्के, दोनदा,
अधिक चौदा इंचांचे मिलिमीटर.
पाचशे त्र्याऐंशी.
हवे होते सहाशे वीस, थोडे कमी.
शंभरात सहाचा घाटा.
बसू, त्याचा पोऱ्या, पाना धरून बघत राहिला
सातवी-ब बघते तसा.
"म्हणजे काटा साठ दाखवतो तेव्हा..."
"छप्पन," दस्तगीर म्हणाला. खडूशिवाय.

निपाणीला माझी थोरली बहीण असते, शालनअक्का.
तिच्या उंबऱ्यात, चप्पल घालता घालता
एकदा बोलून गेले होते:
एकशे सहा किलोमीटर येते मी, मोजून.
तू खानापुरास किती वेळा आलीस?
ती काही बोलली नाही.
शेजारच्या वखारीतून तंबाखूचा ठसका आला
आणि दोघी एकदमच खोकलो.
त्यानंतर मी गेले नाही.

शंभरच होते तर.
वरचे सहा माझ्या चाकांनी घातलेले.

बसूनं आतून एक रुंद टायर लोळवत आणला.
"हे टाका टीचर, एकशे पंच्याण्णव. गाडी उठून दिसतंय."
दस्तगीरनं स्टिअरिंग पार वळवलं,
मडगार्डच्या पोटात हात घातला.
"हितं घासतंय. चार माणसं बसली की ओरडतंय.
तव्याभायेर भाकरी गेली तर कड कच्ची राहतंय रे."
एकशे पंच्याऐंशी-सत्तर बसेल म्हणाला,
उंचीत फरक करंगळीच्या निम्म्याएवढा,
पण हाताला जड, पेट्रोलला वरचढ.
मी कागदावरचंच सांगितलं.
त्यानं भाराचा आकडा वाचून दाखवला,
मग कुशीवरचे बारीक चार अंक, नखानं:
सदतिसावा आठवडा, यंदाचा.
"शिळं देत नाही मी, पाव असो का टायर."

पाण्याच्या टाकीत बुडबुडा नाही बघून
चार चाकं चढली.
जुने चिंचेखालच्या ढिगावर गेले,
तिथल्या मांजरानं लगेच एकाचं माप घेतलं,
आत वळून बसलं, आणि ते बरोबर होतं.

"आणि पाचवं?"
पैसे चारांचेच होते. पगारानंतर, म्हटलं.
"मग हे जुनं डिकीत ठेवा, पण त्याच्यावर लांब जाऊ नका.
एक पाय आखूड घेऊन माणूस किती चालंल?"

गाडी बोटभर उंच झालीय.
देसूरपाशी काटा साठावर होता
आणि मी बऱ्याच दिवसांनी त्याचं ऐकलं.
रविवारी निपाणीला जायचं म्हणते.
फोन नाही केला अजून.
तो बुटका डिकीत आहे, हवा भरून.
वाटेत खिळा लागलाच
तर तेवढ्यापुरती अक्का पुन्हा लांब जाईल.