फीडर नंबर चार

पिंपळखुट्याच्या उपकेंद्रात रात्रपाळी असली
की ट्रान्सफॉर्मर एकच सूर धरून बसतो.
आले त्या वर्षी त्या घूंऽऽनं डोकं उठायचं.
आता पेटीवाले शालिकराव म्हणतात,
"म्याडम, तुमचा डब्बा काळी चारच्या जरासा खाली हाय,
तेवढा वर घ्या न, मंग आमाले तंबोरा नको."

मी लांज्याची. आमच्याकडे डबलबारी,
पखवाज, बुवांचा शेला, मधल्या वेळात उसळ-पाव.
इथं खंजिरी.
वीतभर लाकडी कडं, एका बाजूला कातडं,
कडेनं झुलणाऱ्या चकत्या.
पूर्वी घोरपडीचं कातडं असे,
हे सगळे मला हळू आवाजात सांगतात,
जशी काही मी वनखात्यातून आले आहे.
आता बकरीचं. हवा दमट झाली की ते रुसतं,
मग पऱ्हाटीच्या जाळावर शेकायचं.
नत्थूजी घोडमारे ते गालाला लावून बघतात,
तान्ह्याचा ताप बघावा तसं.

गाव एवढंसं, कान मोठे.
बुधवारचा बाजार उठला की जिनिंगच्या आवारात
रफीक मास्तरांचा बँड लग्नसराईची तयारी करतो.
क्लॅरिनेटची एक पट्टी मोडलेली, रबरानं बांधलेली,
म्हणून पंचक्रोशीतली प्रत्येक मुलगी
थोड्या चिरक्या पंचमात सासरी जाते.
एप्रिलात विहारापुढं कव्वालीचा मुकाबला.
अंगणवाडीतल्या बेबीताई नगराळे
दिवसा खिचडी वाढतात आणि रात्री
नागपूरहून आलेल्या गायकाला असा सवाल टाकतात
की तो बिचारा नुसता पाणी पीत राहतो.

त्या शनिवारी भजन स्पर्धा होती. अकरा मंडळं.
वरून फोन आला :
फीडर चार, सव्वादहा ते बारा, बंद.
मी विचारलं, पंधरा मिनिटं तरी?
नाही.
ब्रेकर पाडला.
दोन किलोमीटरवरचं पटांगण विझलं,
आणि निवेदकाचं "आता सादर करीत आ"
तिथंच तुटलं.

खिडकीत उभी राहून मी शिव्यांची वाट बघत होते.
मागं उरलेले तीन फीडर गुणगुणत होते, निर्लज्ज.
आधी एक खंजिरी आली.
मग दुसरी, तिला कापत.
मग तुरीच्या शेतांवरून अख्खा कोरस,
माइकशिवाय, उघडाबोडका,
चिलमीचा, तंबाखूचा, दिवसभर निंदण करून आलेला.
स्पीकर इतकी वर्षं
या माणसांचा आवाज लहान करत होता
हे मला तेव्हा कळलं,
हात अजून हँडलवर असताना.

सकाळी नत्थूजी फाटकाशी.
"बरं केलं तुमी. माइकपायी आमचे गळे
बसून खात होते.
पण शिक्षा त भोगा लागीन. झांज शिका."

आता सुट्टीच्या शनिवारी मी सतरंजीच्या कडेला असते.
तिसऱ्या मात्रेला धावते. शालिकराव पेटीवरून
भुवई वर करतात, मी परत येते.
गळा माझा ओला आहे म्हणे, कोकणातला.
"आणखीन दोन उन्हाळे काढा,
होते कडक."

परवा गाणं रंगात आलेलं आणि आईचा फोन.
"कोण गो गातत इतके?"
आमच्याकडचे, मी म्हटलं.
ती गप्प.
मीही, जरा.
मग म्हणाली, "ठेवू नको. चालू राहूदे तसाच."

मी फोन पेटीच्या भात्याशेजारी उताणा ठेवला,
आणि झांज थोडी दूर धरून,
या खेपेला न धावता,
वाजवली.