रंगीत तालीम

बडोद्याला बारसं आहे, भावाच्या नातीचं.
शुक्रवारी निघायचं, गाडीने, घोडबंदरवरून.
शायनी सिस्टर म्हणाली, त्याआधी एकदा
चार तास घराबाहेर राहून बघा.

म्हणून आज तालीम.

यांनी सकाळीच टेबल पुसून घेतलं.
वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते;
आता तेच कर्कटक काढून
पिशवीच्या चिकट चकत्यांवर वर्तुळं मारतात,
बत्तीस मिलिमीटर, आणि बाकदार कात्रीने कापतात,
जीभ किंचित बाहेर काढून.
एक चकती डोळ्याला लावून माझ्याकडे बघत म्हणाले,
"ड्रॉइंग पास."
टाक्यांची जागा दुखेपर्यंत हसले मी.

लागतील तीन, घ्यायच्या आठ.
डिकीत नाही, उन्हाने गोंद सुटतो;
माझ्या मांडीवर, दागिन्यांच्या डब्यासारख्या.
ओले रुमाल, काळ्या पिशव्या, एक जास्तीचा परकर,
मीठसाखरेच्या पाण्याची बाटली,
डॉक्टरांची चिठ्ठी, तिची झेरॉक्स,
झेरॉक्सची झेरॉक्स (ही यांची भर).
मनोर, चारोटी, वापी :
कुठल्या पंपावरचं दार आतून लागतं
ते भाच्याने फोन करकरून विचारून ठेवलंय.
मुलगा गुणी आहे. फक्त फोनवर
"आमच्या पेशंट आहेत" म्हणतो.

वहिनीला मीच सांगितलं,
माझ्यासाठी वेगळं काही मांडू नकोस,
मऊ भात, दही, पिकलेलं केळं, बास.
ती गप्प. मग म्हणाली,
"वाल भिजत घालणार होते गं. तुझ्यासाठी."
खारकर आळीत वाढलेल्या बाईला
बिरडं नको म्हणायला काय लागतं
ते कुठल्याच चिठ्ठीत लिहिलेलं नसतं.
"घाल भिजत," म्हटलं,
"सोलायला मी बसेन. वासापुरती."

तर, तलावपाळी. कट्ट्यावर आम्ही दोघं.
पाण्यात पायडलच्या होड्या, हंसाच्या मानेच्या,
एका हंसाची चोच मोडलेली.
हे जरा लांब जाऊन पाठमोरे शेंगदाणे खाऊन आले.
मिशीला मीठ तसंच.
मी काही बोलले नाही.

एक तास चाळीस मिनिटांनी
साडीखाली कोमट काहीतरी सरकलं.

स्वच्छतागृहात खुंटी नाही.
पदर दातांत, पिशवी हनुवटीखाली,
नळाला धार करंगळीएवढी,
आणि शायनीचा आवाज डोक्यात :
घाई नको, आधी कोरडं, मग चिकटव,
तळवा ठेवून शंभर मोज.
मी त्र्याहत्तरवर असताना दार वाजलं.
"आत काय झोपलात का?"
"झोपले नाही, मोजतेय!" मी ओरडले.
बाहेर काही क्षण शांतता.

बाहेर आले तेव्हा हातात काळी पुरचुंडी.
स्टुलावरच्या बाईने ती पाहिली,
मला पाहिलं, कचऱ्याच्या डब्याकडे हनुवटी केली.
"पाच रुपये."
माझ्याकडे पाचशेची नोट.
"सकाळपासून सगळ्या हेच करतात," ती कडाडली,
"शिकलेल्या बायका, आणि सुटे नाहीत!
मी काय बँक उघडून बसलेय?"

कसं सांगू, किती बरं वाटलं.
आठ महिने झाले, कुणी रागावलंच नव्हतं माझ्यावर.
सगळे उशी देत होते, आवाज उतरवत होते,
मी काही सांडलं तर म्हणत होते, असू दे असू दे.
तिथेच उभी राहून मी मन लावून बोलणी खाल्ली
सगळ्या बायकांतली एक होऊन.
यांनी शेंगदाण्यांतले उरलेले पाच रुपये आणून दिले.

अजून दीड तास बाकी होता.
राम मारुती रोडवर काचेतल्या साड्या बघितल्या,
एक घेतली, बारशाला, जरा भडक.

रात्री यादीत खाली, लाल शाईने लिहिलं :
एस आकाराचा हूक.
सुटे पैसे. भरपूर.