बाटलीतले तीन दात

पुन्ता आरेनासमध्ये नोव्हेंबर लागला
की पालिकेची माणसं चौकाचौकांत दोर बांधतात,
वाऱ्यानं कुणी रस्त्यावरून वाहून जाऊ नये म्हणून.
एदुविना बार्रिया त्या दोराला धरून आली,
एका हातानं.
दुसरा हात गालापासून चार बोटं दूर, हवेतच,
जणू गालावर गांधीलमाशी बसलीय
आणि ती चवताळू नये.

"दात," ती म्हणाली. उजवा, वरचा, मागून दुसरा.

तीस वर्षं ती लोकरीच्या शेडमध्ये प्रत निवडते.
तंतू चिमटीत धरून सांगते,
मेंढी सामुद्रधुनीच्या अंगाला चरली
की डोंगराच्या.
अशा बाईला स्वतःचा दात कळणार नाही?

मी ठोकून पाहिलं. गार पाणी, गरम पाणी.
एक्स-रे खिडकीशी धरला :
मुळं सरळ, हाड घट्ट.
"काहीच नाही," मी म्हणालो,
बिल सांगतात त्या आवाजात.

तिनं दाताच्या कण्या केल्या.
मी काढला.

अकरा दिवस बरे गेले. मग शेजारचा.
मग त्याच्या पलीकडचा.
चोर सोडून संन्याशाला फाशी,
तीनदा, त्याच खुर्चीत, तोच दिवा लावून,
आणि दरवेळी चिमट्यात
संन्यासी पांढरा, ओला, कुठंही कीड नाही.

तिसऱ्यानंतर कापूस दाबून बसलेली ती
कापसाआडूनच म्हणाली,
"डॉक्टर, तिथं आता दात नाही,
आणि तोच दुखतोय."

कसं दुखतं, मी तेव्हा पहिल्यांदा विचारलं.
कुंपणाची करंटवाली तार असते ना,
ओल्या हातानं धरल्यासारखं.
दोन सेकंद.
मग काही नाही.
मग त्या काही नाहीची भीती,
तासन् तास.

मातेच्या पेल्यातली नळी ओठाला टेकली, की.
उशीचा अभ्रा. शालीची दशी.
दार उघडलं आणि वारा आत आला, की.
नातवाचं नाव बाउतिस्ता;
त्याला हाक मारताना ओठ मिटावे लागतात,
म्हणून ती त्याला नुसतं "लेकरा" म्हणते.
पोराला वाटतं, आजी रागावलीय.
नवऱ्याला वाटतं, नाटक आहे.
दवाखान्यातल्या दोघांना वाटलं, वय आहे,
त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या.
मला वाटलं, दात आहे.

सान्तियागोला विमानानं साडेतीन तास.
तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी
कागदाच्या पाठीमागे चेहरा काढला, कान काढला,
कानापुढून निघणारी एक नस, तिला तीन फाटे :
कपाळ, गाल, जबडा.
आत, मुळाशी, एखादी रक्तवाहिनी
तिला घासत असावी.
असावी. फोटोत नीट दिसत नाही.
गोळी दिली ती फेफऱ्याची.
तिनं चालताना तोल जातो, आठवड्याचे वार विसरतात,
पण परवा तिनं पाव चावून खाल्ला,
उजव्या बाजूनं.

हे सगळं तिनं मला सांगितलं
कवळीचं माप द्यायला आली तेव्हा.
मी तिच्या गालाला हात लावण्याआधी विचारलं.
चोवीस वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं.

मग कपाटातून बाटली काढली.
का ठेवले होते, मला सांगता येत नाही.
फेकायला धजलो नाही, एवढंच.
"पहिला कोणता?" तिनं विचारलं.
मी चष्मा लावला. दिव्याखाली धरले.
तिन्ही सारखेच निर्दोष;
ओळखता येईनात.

तिनं माझ्या हातातून घेतले,
डोळे मिटले,
एकेक चिमटीत फिरवला, लोकर पाहतात तसा.

"हा," ती म्हणाली.