दोनशे सत्तर ओळी

क्लाइपेदाच्या बंदरात पाण्यावर बर्फाची साय धरते
त्या दिवसांत बाबा पुन्हा ट्रक चालवू लागले,
सोफ्यावर बसून,
भिंतीवरच्या पंचावन्न इंची टीव्हीत.

खरा ट्रक एकतीस वर्षं चालवला. मग डोळ्यांच्या डॉक्टरने
परवाना ठेवून घेतला,
आणि वर चहा विचारला.

माझ्या मुलाने, दोमिनीकासने, स्टिअरिंग जोडलं, पेडल जोडली,
आजोबांना रिकामा रस्ता दिला, वीस टन सफरचंदं दिली,
आणि आठवड्याभरात मला म्हणाला,
आई, ते उजवीकडे वळतच नाहीत.

खरंच. उजवं वळण आलं की सरळ.
पुढच्या चौकातही सरळ.
पोझनानचा माल पार समुद्रापर्यंत नेऊन उभा करायचे.
दंड व्हायचा, सफरचंदं सडायची,
रस्ता सांगणारी बाई विनवायची, वळा, आता तरी वळा,
शेवटी तीही गप्प व्हायची.

"आरसा कुठाय?" एवढंच बाबा म्हणाले.

आरसा होता. चौकटीच्या बाहेर,
भिंतीच्या कागदावरच्या निळ्या फुलांत कुठेतरी.

लांबुळका मॉनिटर घ्यावा म्हणून दुकानात गेलो.
किंमत वाचली. बाहेर येऊन बीटचं सूप प्यालो.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात;
दोमिनीकासने अंथरूणच कापलं.
आडवे ठिपके तीन हजार आठशे चाळीस, ते तसेच.
उभे दोन हजार एकशे साठ, त्यांतले सोळाशे वीस ठेवले.
वरच्या दोनशे सत्तर ओळी काळ्या,
खालच्या दोनशे सत्तर काळ्या.
पडदा दोनदा विझला. कॉम्प्युटरने विचारलं,
हे असंच ठेवायचं? पंधरा सेकंदांत सांगा.

"अर्धा टीव्ही घालवलास."
"पाव, आजोबा."

मला वाटलं होतं आभाळ कापलं जाईल.
नाही गेलं. सगळं फक्त थोडं लहान झालं, थोडं मागे सरलं,
बोट सुटल्यावर धक्क्यावरची माणसं होतात तसं.
आणि दोन्ही कडांना, कान असतात तिथे,
दोन आरसे उगवले.

बाबांनी इंडिकेटर दिला. उजवा.
थांबले.
आरशात पाहत राहिले, इतका वेळ
की मागच्या गाड्या हॉर्न मारू लागल्या.
आरशात कुणी नव्हतं. ओला रस्ता, एक दिवा.
वळले.

मग गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं (टीव्हीतलंच),
आणि आईलाही कधी न सांगितलेलं सांगितलं:
अँटवर्प, सत्त्याण्णव साल, गोदीजवळचं वळण,
उजव्या आरशात करंगळीच्या नखाएवढा
पिवळा रेनकोट. सायकलवर.
ब्रेक दाबला तेव्हा थर्मास काचेवर आदळला.
पोरगी निघून गेली, शीळ घालत असावी.
"तिला कळलंच नाही," बाबा म्हणाले.
"आता तिचीही पोरं असतील."

नाकासमोर चालणाऱ्याला लोक सज्जन म्हणतात.
बाबांनी नाकासमोर कमीच पाहिलं.

काळं म्हणजे अगदी काळं नाही, जुना टीव्ही आहे;
दिवे मालवले की त्या पट्ट्या राखेसारख्या उजळतात.
वरच्या पट्टीवर बाबांनी चिकटपट्टीने लावलंय
बोटीचं जुनं तिकीट, टोलची पावती,
माझ्या हातची यादी: दूध, शेपू, बल्ब.
ट्रकच्या काचेवर लावायचे तसंच.

रात्री बातम्या लागतात तेव्हा चित्र पुन्हा पूर्ण भरतं,
आणि वेधशाळेच्या बाईच्या कपाळावर
कीलचं तिकीट येतं, भुवईवर शेपू.
कुणी काढत नाही.
बाई सांगते, उद्या रस्ते निसरडे असतील.
बाबा मान डोलावतात.